चार वर्षांची मुदत

गणेशोत्सवात आमच्या मंडळाचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. दहावी-बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलामुलींना व्यासपीठावर बोलवायचे, श्रीफळ, गुलाबाचे फूल आणि प्रशस्तिपत्र द्यायचे, आईवडिलांसह एक फोटो काढायचा. आम्ही गेली बरीच वर्षे या कार्यक्रमाची यादी करण्याचे काम करतो. टक्केवारीप्रमाणे नावे उतरत्या क्रमाने लिहितो आणि एका ठिकाणी रेघ मारतो. रेघेच्या वर नाव असेल त्याचा सत्कार, खाली असेल त्याला पुढच्या वेळी शुभेच्छा.

ती रेघ मारताना अलीकडे आमचा हात थोडा अडखळतो. त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही स्वतः डिप्लोमावाले. डिप्लोमा झाला त्या वर्षी पुढे डिग्रीला जाण्यासाठी फॉर्म भरला होता, प्रवेश मिळण्याइतके गुणही होते. पण घरात मिळवता हात हवा होता आणि तेवढ्यात सरकारी नोकरीचा कॉल आला. नोकरी घेतली. त्यावर घर उभे राहिले, धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली. तक्रार काही नाही. फक्त त्या फॉर्मची कार्बन प्रत अजून आमच्या फायलीत आहे आणि आता कचेरीतल्या सहकाऱ्यांच्या मुलांचे प्रवेशाचे फॉर्म भरून देताना ती आठवते.

बडोद्यात राहणाऱ्याला अशा वेळी एक माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. कमाटीबागेजवळची संकल्पभूमी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे मोठी गर्दी असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे बसले होते, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण ते तेथे आले तेव्हा लंडनमधले अर्धे राहिलेले शिक्षण मागे ठेवून आले होते, आणि ते पुरे करण्यासाठी त्यांच्या हातात मोजून चार वर्षांची मुदत होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. घटनेचे शिल्पकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. आम्ही येथे फक्त वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी आंबेडकर सांगणार आहोत.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, इंदूरजवळच्या महूच्या छावणीतला. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांचे मूळ गाव कोकणातले आंबडवे. भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. तेथे आई भीमाबाई गेल्या, तेव्हा भीमराव जेमतेम पाच-सहा वर्षांचे होते. साताऱ्याच्या शाळेत वर्गाबाहेरचे गोणपाट आणि दुसऱ्याने वरून ओतल्याशिवाय न मिळणारे पाणी, हे सारे त्यांच्या वाट्याला आलेच.

पुढे मंडळी मुंबईला परळच्या गिरणी वस्तीत आली. एक खोली, तीच स्वयंपाकघर, तीच झोपण्याची जागा आणि तीच अभ्यासिका. सुभेदारांनी त्यावर तोड काढली. मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचे, आपण जागत बसायचे आणि रात्री दोनला त्याला उठवून मग स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकांचा हट्ट झाला आणि हातात पैसे नसले, तर सुभेदार लग्न झालेल्या मुलींच्या घरी जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत.

पण एवढे करूनही दोन मुलांना शाळेत ठेवणे त्या पेन्शनीला झेपेना. तेव्हा थोरले आनंदराव शिक्षण सोडून कामाला लागले आणि धाकटे भीमराव शाळेत राहिले. बहुतेक चरित्रांत या गोष्टीला एक-दोन ओळींच्या पलीकडे जागा मिळत नाही. आम्ही मात्र तेथे थांबतो. कारण प्रत्येक घरात एक आनंदराव असतोच. त्याचे नाव कोणत्याही प्रशस्तिपत्रावर येत नाही.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. गुण किती? ७५० पैकी २८२. म्हणजे टक्केवारी काढली तर अडतीससुद्धा भरत नाही. आमच्या गुणगौरवाच्या यादीत हे नाव रेघेच्या खूप खाली गेले असते. तरीही त्यांच्या समाजातला मुलगा मॅट्रिक होणे हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. वस्तीत सत्काराची सभा झाली, अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. केळुसकर गुरुजींनी हा मुलगा बागेत एकटा वाचत बसलेला पाहून आधीच हेरला होता.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, पण कॉलेजचा खर्च सुभेदारांच्या आवाक्याबाहेरचा होता. शिक्षण मधेच थांबणार अशी वेळ आली तेव्हा केळुसकर त्यांना घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी मुलाला चार प्रश्न विचारले, उत्तरे पटली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्या राज्यात १९०६ साली सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या राजाला त्या मुलाची किंमत कळली, यात नवल नाही. कॉलेजात मुल्लर नावाचे प्राध्यापक त्यांना पुस्तके देत, प्रसंगी कपडेही देत. त्याच कॉलेजातला उपाहारगृहवाला मात्र त्यांना चहा किंवा पाणी देत नसे.

बी. ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीसाठी आले. पंधरा दिवस झाले नाहीत तोच वडील आजारी असल्याची तार आली. निघताना सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते उतरले आणि गाडी सुटली. मुंबईला पोचायला उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. आपल्यापैकी ज्यांनी बडोदे-मुंबई गाडीने अशा तारा घेऊन प्रवास केला आहे, त्यांना सुरतच्या फलाटावरची ती काही मिनिटे काय असतील हे वेगळे सांगायला नको.

आता घरातला सर्वांत शिकलेला मुलगा तो. पत्नी रमाबाई, तान्हा यशवंत, थोरल्या भावाचा संसार. नोकरी धरून बसावे अशीच सगळी परिस्थिती. त्याच सुमारास महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी पाठवणार असल्याचे कळले. भीमरावांनी अर्ज केला. ४ जून १९१३ रोजी करारावर सह्या झाल्या. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळतील, परत आल्यावर दहा वर्षे बडोदे राज्याची नोकरी करावी लागेल.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे गुरू आणि हवी तेवढी पुस्तके. पण त्या साडेअकरा पौंडांत दोन घरे चालायची होती, एक न्यूयॉर्कचे आणि एक परळचे. जेवणात काटकसर करून जमेल ते घरी पाठवायचे, उरेल त्यात जुनी पुस्तके घ्यायची. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. पुढच्या वर्षी पीएच. डी.चा प्रबंधही विद्यापीठाने मान्य केला. पण तेथील नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. छपाईला पैसे नव्हते. १९१६ साली मान्य झालेल्या कामाची पदवी त्यांना रीतसर मिळाली १९२७ साली. आपल्याकडे निकाल लागून सर्टिफिकेट आठ दिवस उशिरा आले तरी जीव वरखाली होतो. त्यांनी अकरा वर्षे वाट पाहिली.

तेथेच त्यांना नवल भथेना नावाचा पारशी मित्र भेटला. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

१९१६ मध्ये भीमराव लंडनला आले. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला, प्राध्यापक कामावर खूश, अभ्यासाने वेग घेतलेला. आणि बडोद्याहून कळवणे आले की शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत या.

येथे एक छोटी गोष्ट घडली, पण आमच्या मते या चरित्रातली ती फार मोठी गोष्ट आहे. निघण्यापूर्वी त्यांनी प्रा. एडविन कॅनन यांच्या मदतीने लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास पुढे चालू करता येईल. आम्ही सरकारी नोकर. कागदाची किंमत आम्हाला कळते. पैसे संपलेल्या, परत कधी येता येईल याचा पत्ता नसलेल्या माणसाने जाताना भांडण केले नाही, रुसवा धरला नाही. अर्ज केला आणि आपली जागा लेखी राखून घेतली.

परतीचा प्रवास पहिल्या महायुद्धातला. सामान ज्या बोटीने येत होते ती पाणतीराने बुडाली. जमवलेली पुस्तके गेली. ते स्वतः दुसऱ्या बोटीने ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला पोचले. बुडालेल्या सामानाची सहाशे रुपये नुकसानभरपाई टॉमस कुक कंपनीने दिली. कराराप्रमाणे नोकरीवर रुजू व्हायला बडोद्याला यायचे, तर खिशात पैसे नव्हते. त्या सहाशेतूनच तिकीट निघाले. म्हणजे पुस्तके बुडाल्याच्या पैशांवर ते आपल्या शहरात आले.

आता जे सांगायचे ते बडोदेकर म्हणून सांगताना जड जाते, पण टाळून चालणार नाही. कोलंबियाचा एम. ए. आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा अधिकारी बडोदे स्टेशनवर उतरला तेव्हा जायचे कोठे, हा त्याचा पहिला प्रश्न होता. हिंदू खानावळींत जागा मिळणार नव्हती. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया भाड्याने राहण्याची सोय झाली. वरच्या मजल्यावर एक मोठे अंधारे दालन, अडगळीने भरलेले. रात्री एक लहानसा कंदील आणि वटवाघळांची फडफड. तेथे ते दिवस काढत होते. कचेरीत शिपाई फायली लांबून टेबलावर टाकत, प्यायला पाणी मिळत नसे. त्यांच्या हाताखालचे कारकूनही अंतर राखून असत.

त्या वेळचे बडोदे आठवा. राजा मराठी, कारभारात मराठी माणसे, रावपुरा आणि दांडिया बाजारात मराठी कुटुंबांचे वाडे. आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबांची घरे तेथे होती. त्या साऱ्या वाड्यांतून एक खोली या माणसासाठी निघाली नाही.

अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघत असताना दहा-बारा पारशी काठ्या घेऊन वर आले. धर्मशाळा बाटवली म्हणून त्यांनी आरडाओरडा केला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची तंबी दिली. त्या दिवशी भीमराव दोन ओळखीच्यांकडे गेले. एक हिंदू होता. तुम्हाला घरी घेतले तर नोकरमाणसे निघून जातील, अशी त्याची अडचण. दुसरा ख्रिस्ती झालेला. त्याला बायकोला विचारल्याशिवाय सांगता येईना. दोघांचेही शब्द गोड होते, पण दार कोणाचेच उघडले नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले चार-पाच तास काढायला ते कमाटीबागेत येऊन बसले.

आम्ही त्या जागी अनेकदा गेलो आहोत. बागेत मुलांचा गलका असतो, भेळवाले असतात, समोरच्या रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट असतो. सव्वीस वर्षांचा एक माणूस येथे बसून काय विचार करत असेल, ते ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे. आम्हाला एवढेच दिसते की त्याच्यावर दहा वर्षांच्या नोकरीचा करार होता, ती नोकरी आता होणे शक्य नव्हते, मुंबईला घर पोसायचे होते आणि लंडनची मुदत सुरू होण्याला थोडेच दिवस उरले होते.

मुंबईला आल्यावर मिळेल ते काम. दोन पारशी मुलांच्या शिकवण्या धरल्या. शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याची एक छोटी पेढी काढली. कामाचा जम बसू लागला तोच सल्लागाराची जात गिऱ्हाइकांना कळली आणि पेढी बंद झाली. काही काळ हिशेबनिसाचे काम केले. या धावपळीतही भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांचा निबंध १९१८ मध्ये अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. अभ्यास थांबला नव्हता, इतकेच.

सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी अर्ज केला. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनला ओळख झाली होती, त्यांच्याकडे शब्द टाकला. नोव्हेंबर १९१८ मध्ये नेमणूक झाली. पगार ४५० रुपये, जागा तात्पुरती. सुरुवातीला विद्यार्थी या नव्या प्राध्यापकाकडे फारसे लक्ष देत नसत. थोड्याच दिवसांत दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागले. तेथेही काही सहकारी प्राध्यापकांनी सर्वांच्या माठातले पाणी त्यांनी घेऊ नये म्हणून हरकत घेतलीच.

साडेचारशे रुपये ही त्या काळी भक्कम रक्कम होती. परळची चाळ सोडून चांगल्या वस्तीत बिऱ्हाड करता आले असते. चार वर्षे हालात काढलेल्या पत्नीला चार दागिने करता आले असते. कोणी नावे ठेवली नसती. पण ते इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच राहिले. पगारातली ठराविक रक्कम रमाबाईंच्या हाती घरखर्चासाठी द्यायची आणि बाकीची लंडनसाठी बाजूला काढायची, असा शिरस्ता ठेवला. त्या ठराविक रकमेत महिना कसा काढायचा, ते रमाबाई पाहत. आमच्या घरी पगाराच्या दिवशी पाकिटे करणारी आमची आई आम्हाला येथे आठवते: हे दुधाचे, हे किराण्याचे, हे शाळेच्या फीचे.

याच काळात त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, ३१ जानेवारी १९२० रोजी कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याने मूकनायक सुरू केले. काम वाढत होते, नाव होत होते. मुंबईत थांबण्याला आता सबळ कारणे होती. पण चारपैकी अडीच वर्षे उलटली होती. मार्च १९२० मध्ये त्यांनी चालू नोकरीचा राजीनामा दिला. हाताशी स्वतःची बचत, नवल भथेनाने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत. काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि पाच हजार देणाराही पारशीच होता. माणसाला जमातीवरून मोजू नये, हे या एका चरित्रात दोन्ही बाजूंनी दिसते.

जुलैमध्ये बोट सुटली. १९२० च्या सप्टेंबरअखेर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पटावर त्यांचे नाव पुन्हा चढले. मुदत संपायला एक वर्ष बाकी होते.

लंडनचे ते दिवस एकोणतीस-तीस वर्षांच्या, घरी बायकामुले असलेल्या विद्यार्थ्याचे होते. सकाळी खाणावळवाल्या बाईंकडे पावाचा तुकडा, माशाचा लहानसा काप आणि चहाचा कप. मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडायच्या वेळेला हजर. दुपारचे जेवण नाही, त्यात पैसाही वाचतो आणि वेळही. ग्रंथालय बंद होताना शेवटी बाहेर पडणाऱ्यांत ते असत. रात्री थोडे खाऊन पुन्हा वाचन. मध्यरात्री भूक लागली तर एका ओळखीच्या भारतीय माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. खोलीत सोबत राहणारे असनाडेकर झोपा म्हणून आग्रह करत, तेव्हा जेवायला पैसे नाहीत आणि झोपायला वेळ नाही अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळे.

त्यातून एक विचित्र योग जुळून आला. त्यांच्या मोठ्या प्रबंधाचा विषय होता भारताचा रुपया, त्याची किंमत कशाने चढते आणि कशाने पडते. आणि नेमक्या त्याच काळात रुपया कोसळत होता. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला अडीच शिलिंगांहून अधिक मिळत होते. १९२१ मध्ये तो दीड शिलिंगाच्याही खाली आला. मुंबईत पोटाला चिमटा काढून साठवलेल्या रुपयांचे लंडनमध्ये पौंड कमी कमी होत गेले. बेताने आखलेला हिशेब चुकला. रमाबाईंची पत्रे पैशांच्या अडचणीची येत होती आणि इकडूनही पाठवण्याजोगे काही नव्हते. १९२१ मध्ये त्यांना शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंडांची मागणी करावी लागली. रुपयावर ग्रंथ लिहिणाऱ्या किती पंडितांनी रुपयाची घसरण अशी स्वतःच्या ताटात पाहिली असेल?

तरी गाडी पुढे सरकत होती. जून १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात डी. एस्सी.साठी रुपयावरचा प्रबंध सादर केला. परीक्षकांना त्यातले काही भाग पटले नाहीत, फेरलेखन करायला सांगितले. पण तोवर पैसे पुरते संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, चाळीतल्या त्याच दोन खोल्यांत बसून सुधारणा केल्या आणि प्रबंध पुन्हा लंडनला पाठवला. १९२३ च्या अखेरीस डी. एस्सी. पदवी मिळाली आणि ग्रंथ लंडनमध्ये छापून निघाला.

बॅरिस्टर होऊन आलेल्या या माणसाकडे वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते. तेव्हाही नवल भथेनाच धावून आला. वकिली सुरू झाली, तरी पुढे काही वर्षे ते एका खासगी संस्थेत तासिका घेत होते, कारण वकिलीवर घर चालेल एवढी प्राप्ती नव्हती. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले तोवर देशाची घटना त्यांच्या हातून घडली होती.

आम्हाला शेवटी तीन पुस्तकांविषयी सांगायचे आहे. पुस्तकाचे पहिले पान उलटले की अर्पणपत्रिका असते, ती आपण सहसा वाचत नाही. रुपयावरचा जो प्रबंध अर्धपोटी लिहिला, तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. कोलंबियाचा प्रबंध, जो पैशांअभावी छापायचा राहिला होता, तो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. तो अर्पण केला आहे सयाजीराव महाराजांना, शिक्षणासाठी केलेल्या मदतीची कृतज्ञता म्हणून. ज्या शहराने त्यांना राहायला छप्पर दिले नाही, त्या शहराच्या राजाचे ऋण ते विसरले नाहीत. आणि रमाबाई? त्या २७ मे १९३५ रोजी गेल्या. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेलेली, नवऱ्याची परदेशातली वर्षे एकटीने काढलेली. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण आहे. तेथे त्यांचे नाव घरातल्यासारखे, रामू असे आहे आणि टंचाईच्या, मित्र नसलेल्या दिवसांत त्यांनी सोबत सोसले, याची नोंद आहे.

आनंदरावांच्या नावाचे पान मात्र आम्हाला माहीत नाही. ते आपण आपल्या मनात लिहावे.

आता आमच्या यादीकडे येतो. मंडळाच्या बैठकीत यंदा आम्ही दोन गोष्टी सुचवणार आहोत. पहिली, गुणगौरवाच्या यादीत एक रकाना वाढवावा: नोकरी करून शिकणारे आणि सुटलेले शिक्षण पुन्हा सुरू करणारे. त्यात टक्केवारीची अट ठेवू नये, वयाचीही ठेवू नये. कोणाची फी अडली असेल तर सत्काराच्या नारळाबरोबर ती फी भरली जावी. मंडळाची तेवढी ऐपत आहे. मांडवाच्या रोषणाईतले थोडे कमी केले तरी भागेल.

दुसरी गोष्ट ठरावाने होणारी नाही, ती प्रत्येकाने आपल्या घरी करायची आहे. आपल्या शहरात विद्यापीठ आहे, कारखाने आहेत, दरवर्षी बाहेरगावची शेकडो मुले शिकायला आणि नोकरीला येतात. आपल्यापैकी कित्येकांच्या वरच्या खोल्या रिकाम्या असतात. अशा मुलाने येऊन खोली विचारली, तर त्याला आधी आडनाव विचारू नये. भाडे किती ते सांगावे आणि पाणी द्यावे.

राहिली आमच्या फायलीतली कार्बन प्रत. त्या फॉर्मची मुदत केव्हाच संपली. पण परवा आमच्या मुलीने ती पाहिली आणि आता नोकरी करणाऱ्यांसाठी डिग्रीची सोय असते का, याची चौकशी करून आली. असते, म्हणाली. अर्जाची शेवटची तारीख तिने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.